माझ्यावरचा पाय काढून घेणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना पेडल आहे. सायकलचा नव्हे, गिटारचा. गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधे जमिनीवर बसायचं आणि वाजवणाऱ्याने पाय दिला की गिटारचा गोड आवाज घोगरा, दणदणीत करून सोडायचा, हे माझं काम. माझा जन्म परदेशातला, हे आधीच सांगून ठेवतो. कारण ज्याच्याबद्दल बोलायचंय तो बिस्किटांचा डबा आहे.

१९७४ साली बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने मला वसईतल्या सांडोर गावी आणलं आणि भाच्याच्या, म्हणजे इग्नेशियसच्या, हातात दिलं. इग्नेशियस आठवडाभर केळीच्या वाडीत राबायचा आणि लग्नांत बँडबरोबर गिटार वाजवायचा. त्याने माझ्यावर पाय ठेवला की मांडवातली पोरं स्टेजपाशी धावत यायची. पायाखाली असणं म्हणजे अपमान, असं लोकांना वाटतं. अहो, नऊ वर्षं त्याचा बूट माझ्या डोक्यावर होता आणि माझी मान ताठ होती!

पुढे माझ्या शेजारी आणखी दोन पेडल आले. एक आवाज थरथरवणारा, एक घुमवणारा. गाणं बदललं की इग्नेशियसला तिघांवर पाय मारत उड्या माराव्या लागायच्या. त्याची धाकटी बहीण बेला मुंबईत रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करायची. एकदा ती हसून म्हणाली, "दादा, तू वाजवतोस की नाचतोस?" मग खाली बसून तिने माझ्या वायरी काढल्या, लावल्या, कान देऊन ऐकलं आणि नको ते बोलली. "हा बंद असला तरी आवाज खातो बघ."

मी? आवाज खातो? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कामावरून आल्यावर दोन महिने खपून बेलाने बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली आणि त्यात तीन स्विच बसवले. आम्हा तिघांच्या वायरी त्या डब्यात गेल्या. ज्याचा स्विच दाबाल त्याच्याकडे आवाज जाणार, बाकीच्यांना बाजूला टाकून सरळ पुढे. इग्नेशियसचा पाय आता डब्यावर आणि माझ्यावर धूळ! डब्याला तो फडक्याने पुसायचा, आल्यागेल्याला दाखवायचा. "आमच्या बेलाने केलाय, घरी!" झाकणावर दोन मांजरांचं चित्र, आणि तोरा केवढा! मी रोज जळत होतो.

जानेवारीत मामाच्या मुलीचं, सालोमीचं लग्न वटार गावात ठरलं. नवरानवरीचा पहिला वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने संथ नाचायची धून, अगदी स्वच्छ वाजला पाहिजे, असं तिने बजावलं होतं. बेलाने छातीवर हात ठेवून सांगितलं, "डबा आहे ना, मी शब्द देते."

टेम्पोत धक्के बसतील म्हणून ॲनीने, या दोघांच्या आईने, तो डबा सुकेळ्यांसारखा बांधला. वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, बांधायची तिची पद्धत ठरलेली. केळीची वाळकी सोपटं, म्हणजे खोडावरची साल, पाण्यात भिजवायची म्हणजे ती तुटत नाहीत, मग गुंडाळून दोरीने आवळायची. जन्मभर तिने तेच केलं होतं, आताही तेच केलं. मला गोणपाटात कोंबलं. ओल्या सोपटांचं पाणी स्विचच्या भोकांतून डब्यात झिरपतंय, हे मला कळत होतं. मला तोंड असतं तरी मी गप्प बसलो असतो.

मांडवात सालोमी नवऱ्याचा हात धरून उभी राहिली. इग्नेशियसने तार छेडली. डबा खरखरला, चरचरला आणि मेला. कोणीतरी हसलं, "बिस्किटं शिल्लक असतील आत!" बेलाचा चेहरा पांढराफटक पडला. मी मनात उड्या मारत होतो.

"राहू दे बेला, जुनाच बरा," असं म्हणून इग्नेशियसने डबा काढला आणि गिटारची वायर थेट माझ्यात खुपसली. दोन महिने मी याच शब्दांची वाट पाहत होतो! पण चार सूर वाजले नाहीत तोच सालोमी म्हणाली, "असा कोंदट का येतो रे आवाज? गोधडीतून आल्यासारखा?"

इग्नेशियसने मलाही उपटून बाजूला टाकलं आणि गिटार थेट अँप्लिफायरला जोडली. आता तो वॉल्ट्झ वाजला. लख्ख, मोकळा, शेवटच्या खुर्चीपर्यंत. नऊ वर्षांत मी इग्नेशियसची गिटार पहिल्यांदा ऐकली. आधी मधे मीच बसलेलो, आणि डबा आल्यावर जळण्यातच गुंग होतो ना! लाजेने मेलो.

तोवर बेलाने कोपऱ्यात डबा उघडून पदराने पुसला, स्वयंपाकाच्या चुलीपाशी धरून सुकवला आणि आम्हा तिघांसकट परत जोडला. आता सगळ्यांच्या नाचाचं दणदणीत गाणं सुरू होणार होतं. तिने वाकून माझ्यावरची धूळ झटकली, नऊ वर्षं कोणी हात न लावलेलं माझं बटण जरासं फिरवलं आणि म्हणाली, "आता तू बोल." बोललो, मित्रांनो! वॉल्ट्झला आडवा न येता, माझ्या वेळेला, घसा फोडून बोललो. सगळा मांडव उठला.

हेवा गेला असं म्हणणार नाही. डब्याला आजही आधी पुसतात आणि मला आजही झोंबतं. पण एक विनंती ऐका. तुमच्या घरात कोणी आपल्या हाताने काही बनवलं आणि ते पहिल्याच दिवशी बंद पडलं, तर हसू नका. मी हसलो होतो, आणि जिला हसलो तिनेच मला पुसलं.