दोन क्रेडिटचा मित्र

विद्यापीठात परदेशी विद्यार्थी आलेच पाहिजेत, असं सरकारने ठरवलं आणि विद्यापीठाची एकच धांदल उडाली. वसतिगृहाला रंग लागला, फाटकावर सात भाषांत स्वागत लिहिलं गेलं, नवा कक्ष उघडून त्यात एक साहेब बसले. एवढा घाट घातल्यावर त्या वर्षी आला कोण, तर एकटा एक मुलगा. सगळे त्याला पाहुणाच म्हणायचे. कुठलाही कार्यक्रम असो, फोटोत पाहुणा मधोमध. फोटो झाला की माणसं पांगायची आणि पाहुणा आपलं ताट घेऊन खानावळीतल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसायचा.

त्याला करमावं म्हणून साहेबांनी योजना काढली. इथल्या एका विद्यार्थ्याने सत्रभर त्याचा सोबती व्हायचं, बदल्यात दोन क्रेडिट. मैत्रीलाही गुण! वरून साहेबांची पाठ थोपटली गेली.

सोबती मात्र दिलदार निघाला. रोज संध्याकाळी यायचा, पाहुण्याच्या उच्चारांची टर उडवायचा, त्याच्याच ताटातलं उचलून खायचा. तिकडे पाहुण्याची आई जिन्यावरून पडली, कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून सोबत्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आई कशी आहे रे?" शस्त्रक्रियेच्या दिवशी तर तो तास बुडवून पाहुण्याजवळ नुसता बसून राहिला. परक्या मुलखात आपलं माणूस मिळालं, असं पाहुण्याला वाटलं.

सत्र संपलं, सुटी लागली, संपली. आणि एका सकाळी बहिणीचा फोन आला: आई काठी न घेता दारापर्यंत चालत गेली. पाहुण्याचा आनंद पोटात मावेना. तो धावतच वाचनालयाकडे गेला. पायऱ्यांवर मित्रांच्या घोळक्यात सोबती उभा होता.

"आई चालली!"

"कोणाची आई? अरे हो, तुझी! वा, मस्त!" सोबत्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पण माझं सत्र संपलं ना रे. तुला आता नवी सोबती मिळालीय. तिला सांग, तिचं कामच आहे ते."

तो हे अगदी मनापासून, मदत म्हणून सांगत होता. पाहुण्याला तेच जास्त लागलं.

नवी सोबती दुपारी भेटली. मुलगी भली होती. पण आई पडल्याचंच जिला ठाऊक नाही, तिला आई चालल्याचं काय सांगणार? बापड्या पाहुण्याने जिन्यापासून सुरुवात केली. हाड मोडलं इथवर आला आणि तिचा चेहरा पडला. पाहुण्याच्या घरी काही बरंवाईट झालं की लगेच समुपदेशक बाईंना कळवायचं, असं साहेबांनी बजावून ठेवलं होतं. तिने तिथल्या तिथे फोन लावला.

"अगं, ती बरी झाली!" पाहुणा म्हणत राहिला.

"होतील, नक्की बऱ्या होतील. धीर सोडू नकोस," ती डोळे पुसत म्हणाली.

बाईंनी तासभर त्याचं सांत्वन केलं.

रात्री जेवताना आईचाच फोन आला.

"तुझ्या मित्राला सांगितलंस का रे? किती चौकशी करायचा बिचारा."

"सांगितलं ना. उडीच मारली त्याने."

"जेवतोस नीट?"

"जेवतोच आहे. दोघं मिळून."

"मग दे त्याला फोन. दोन शब्द बोलते."

पाहुण्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"त्याच्या तोंडात घास आहे, आई," तो म्हणाला.