ठाण्याचा पंच

धनश्रीने चित्रीकरण मागे नेलं आणि मोबाईल कानाला लावून चौथं मिनिट पुन्हा ऐकलं. पत्र्यावर कोंबडी चालल्याचा आवाज, जमादारांचा खोकला, आणि मग दाराजवळून घरमालकीण भिवराबाईंचा साधा प्रश्न.

"भागवतभाऊ, सकाळी तुमी माळ्यावर ठिवून गेलतात, तेच पोतं हाय का ह्ये?"

भागवत म्हणजे तिचे वडील, अण्णा. पडद्यावर माळ्यावरून पोतं खाली येत होतं. त्यात विजयसिंहांच्या शेतातून चोरीला गेलेली पंपाची तांब्याची केबल होती. भिवराबाईंचा मुलगा परमेश्वर इथेच पोलीस ठाण्यात पलीकडच्या खोलीत बसवलेला होता. ऊसतोडीला न जाता तो यंदा गावात थांबला होता आणि सरपंचपदासाठी त्याने विजयसिंहांच्या पुतण्यासमोर अर्ज भरला होता. केबल त्याच्या घरात सापडली असं कागदावर आलं की तो आत जाणार होता.

चित्रीकरण करताना धनश्रीला हे ऐकू आलं नव्हतं. हात हलू नये, खोलीचा एकही कोपरा सुटू नये, एवढ्यावरच तिचं लक्ष होतं.

अण्णा वीस वर्षं ठाण्याचे पंच, म्हणजे झडतीचे ठरलेले साक्षीदार होते. झडती कुठेही होवो, पंचनामा चहाच्या टपरीवर येई आणि ते डाव्या हातातला ग्लास खाली न ठेवता सही करत. रसायनशास्त्र शिकलेल्या धनश्रीला त्याची लाज वाटे. नव्या कायद्याने झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, तेव्हा तिने ते कलम घरी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आज दहा वाजता अण्णाच म्हणाले की जमादारांचा हात थरथरतो, मोबाईल तू धर, आता सगळं खरंखुरं व्हायला पाहिजे. तिने रजा टाकली होती.

अण्णा बाहेर कट्ट्यावर बसले होते. तिने मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी ऐकलं, रस्त्यावरून चौसाळ्याकडे जाणारा ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत पाहिला, आणि तेवढं कापून टाक म्हणाले.

फाइलीचा एक सेकंद जरी काढला तरी तिच्यावरून निघणारा चौसष्ट अक्षरांचा हॅश, म्हणजे फाइलीचा अंगठा, बदलतो, असं तिने सांगितलं. आधी काप आणि मग हॅश काढ, ते म्हणाले. हिशेबात चूक काही नव्हती. हॅश काढल्यानंतर फाइलीत बदल झाला नाही, एवढंच तो सांगणार होता. त्याआधी माळ्यावर कोण चढलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मला कावून नेलंत, अण्णा?"

"तुला कोण खोटं म्हणंल? जमादाराला मीच म्हणलो, माझ्या पोरीला घ्या. लई सरळ हाय. तिच्याम्होरं वकील टिकायचा न्हाई."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. ती विज्ञानात पहिली आली तेव्हा ते असेच दिसले होते.

धनश्री ओढणीच्या टोकाने मोबाईलची काच पुसत राहिली. काच स्वच्छच होती. मग ती आत गेली.

हॅश लिहिण्यासाठी जमादारांनी पंचनाम्याच्या शेवटी जागा सोडली होती. ते काम तिलाच येत होतं. तिने न कापलेल्या फाइलीची लांबी लिहिली, आठ मिनिटं चाळीस सेकंद. चौसष्ट अक्षरं उतरवली आणि दोनदा ताडून पाहिली. त्याखाली एक ओळ उरली होती. तिथे तिने चौथ्या मिनिटाला ऐकू येणारं बोलणं, बोलणारीच्या नावासह, शब्दाला शब्द लिहिलं. चित्रीकरण करणारी म्हणून आपलं पूर्ण नाव घातलं.

जमादारांनी अण्णांना हाक मारली. ते आत आले, शर्टाच्या खिशातून पेन काढून उभे राहिले.

"झालं का?"

"झालं."

तिने कागद त्यांच्याकडे फिरवला आणि पंचाच्या नावाखालची जागा न दाखवता हात मागे घेतला. त्यांनी शोधत शोधत एकदा तरी वरून वाचावं, म्हणून ती थांबली.

"कुठं करू?" अण्णांनी विचारलं.

तिने बोट ठेवलं. त्यांनी सही केली.