एकावन्न दात्यांची थोरली

मी सायकलच्या मागच्या चाकावरची सगळ्यात मोठी चकती बोलतेय. आधी हसून घ्या. मला पाहून सगळेच हसतात, म्हणून ते उरकलेलं बरं.

माझा जन्म अॅल्युमिनियमच्या एका जाड पत्र्यातून झाला. यंत्राने दणका दिला आणि मी गोल होऊन बाहेर पडले. आम्ही बारा बहिणी. धाकटीला दहाच दाते, मला एकावन्न. धाकटीवर साखळी असली की सायकल वाऱ्यासारखी पळते, पण पायडल मारताना जीव निघतो. माझ्यावर असली की पाय अलगद फिरतात, मात्र सायकल गोगलगायीची मावसबहीण होते. डोंगरात चालवायच्या काही सायकलींना पुढे एकच चकती असते. मग सोय काय ती आम्हा मागच्या बहिणींनाच बघावी लागते.

दुकानाच्या फळीवर मी वर्षभर पडून होते. गिऱ्हाईक यायचं, मला उचलायचं आणि म्हणायचं, "बाप रे, हे काय, ताट?" मग शेजारच्या खोक्यातलं, पंचेचाळीस दात्यांची थोरली असलेलं कुटुंब घेऊन जायचं. तेच लोक पुढच्या आठवड्यात सायकल ढकलत चढावरून जाताना मला काचेतून दिसायचे.

एके दिवशी दातांच्या डॉक्टर आल्या. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता. तो शाळेत खेळ शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशीही गळ्यात शिट्टी घालून हिंडायचा. डॉक्टरांच्या सायकलीच्या जुन्या चकत्या झिजल्या होत्या, नव्या हव्या होत्या.

"पंचेचाळीसवालंच द्या," भावाने परस्पर सांगून टाकलं. "ताईला पुरे होतं."

"पुरे कुठे होतं?" डॉक्टर हळूच म्हणाल्या. "टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीच्या चढावर चार वेळा पाय टेकला मी."

"ते चकतीमुळे नाही. ते तू शेवटच्या वळणावर देवाचं नाव घेत बसतेस म्हणून."

मिस्त्रीकाका इतका वेळ पंक्चर काढत होते. त्यांनी मानही वर न करता विचारलं, "चढताना गुडघे कुणाचे दुखतात?"

"माझे," डॉक्टर म्हणाल्या.

"मग यांना कशाला विचारताय?"

डॉक्टरांनी मला हातात घेतलं. एकेका दात्यावरून बोट फिरवत शेवटपर्यंत मोजलं. "एकावन्न! माझंही वय तेवढंच. हीच द्या."

भाऊ खो खो हसला. "एवढं ताट लावून काय, मी झोपेतसुद्धा चढेन!"

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. "बरं. या रविवारी टाकीपर्यंत जाते. वाटेत पाय टेकला तर सायकल तुझी. कायमची."

भावाचा त्या सायकलीवर दोन वर्षांपासून डोळा होता. त्याने लगेच हात पुढे केला. पंचेचाळीसच्या त्या भक्ताकडे मी गेले, तर तो मला काढून भिंतीवर टांगणार हे नक्की होतं.

निघताना मिस्त्रीकाकांनी बजावलं, "चकती मोठी झालीय, साखळीही लांब लागेल."

"साखळी महिन्यापूर्वीच घेतलीय," भाऊ म्हणाला. "बसवतो मी घरी. मला शिकवू नका."

त्याने मला अंगणात बसवलं. नंतर डॉक्टरांनी दवाखान्यातला छोटा आरसा आणि ब्रश आणून माझे एकावन्न दाते घासले. सवयीने "आ करा" असंही म्हणाल्या.

रविवार उजाडला. डॉक्टर पुढे, भाऊ मागे आणि डॉक्टरांची मुलगी सगळ्यात मागे. निम्मा चढ माझ्या बहिणींनी निभावला. शेवटचं वळण भिंतीसारखं उभं होतं. तिथे डॉक्टरांनी मला बोलावलं.

मी तयारच होते, पण साखळी येईना! साखळीला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा एक छोटा हात असतो. तो वरच्या फळीवरच्या डब्यासाठी टाचा उंचावणाऱ्या पोरासारखा ताणला गेला. करकर, खरखर आणि सगळं ठप्प. सायकल डगमगली, कलली आणि डॉक्टर अलगद गवतात पडल्या. आडव्या, दोन्ही पाय आभाळाकडे.

फुर्र! शिट्टी वाजली. "टेकला! सायकल माझी!"

"मामा," मुलगी धापा टाकत म्हणाली, "पाय वरच आहेत. बाकीची आई टेकलीय."

"मी पाय टेकणार नाही," डॉक्टर गवतातूनच म्हणाल्या. "आधी काय अडकलं ते बघ."

भाऊ खाली वाकला. साखळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली होती. त्याने ती बोटाने दाबून पाहिली. मला वाटलं, आता गप्प बसेल. पण तो रोज पोरांना खेळाचे नियम शिकवणारा माणूस. त्याने पुन्हा शिट्टी वाजवली आणि स्वतःचाच हात वर केला. "फाउल माझा. साखळी आखूड पडली, ताई. पुढच्या रविवारी पुन्हा."

पुढच्या रविवारी नवी, लांब साखळी होती. त्याच वळणावर ती खट्कन माझ्यावर येऊन बसली. अहाहा! आम्ही इतक्या सावकाश चढलो की काठी टेकत फिरायला निघालेले एक आजोबा आमच्या पुढे गेले. जाताना "काही मदत हवी का?" असंही विचारून गेले. डॉक्टरांना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी फक्त नकारार्थी मान हलवली आणि पाय फिरवत राहिल्या. टाकीच्या भिंतीला हात लागला तेव्हा त्या रडत होत्या की हसत होत्या, ते मला खालून नीट दिसलं नाही. पाय मात्र अजून पायडलवरच होते.

आता आठवड्यातून जेमतेम दहा मिनिटं मला काम असतं. एक गोष्ट तेवढी सांगते, कुणाला बोलू नका. बुधवारी दुपारी, डॉक्टर दवाखान्यात असताना, भाऊ "ब्रेक तपासून आणतो" म्हणत सायकल नेतो. थेट टाकीच्या वळणावर. मागे बघतो, पुढे बघतो, आणि कुणी नाही अशी खात्री झाली की हळूच साखळी माझ्यावर टाकतो. शिट्टीसुद्धा खिशात ठेवतो.

तुम्ही तेवढी बघाबघ करू नका. चढ आला की सरळ मला बोलवा. मी तिथेच असते, सगळ्यात आत, चाकाच्या तारांना लागून.