एक घास आजीचा

खोटं बोलायचं असं रुखमाबाईंनी काही ठरवलेलं नव्हतं. पण समोरच्या बाईने प्रश्नच असा विचारला, की तोंडातून निघून गेलं.

झालं असं की कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीमागे मोफत बालवाडी सुरू होणार होती. फी नाही, कपडे मिळणार, दुपारचं जेवणही तिथंच. जागा मात्र मोजून वीस. नाव लिहायच्या दिवशी रुखमाबाई सूनबाईला घेऊन सकाळी आठलाच दारात जाऊन बसल्या. कडेवर साडेतीन वर्षांची नात दामिनी, आणि सून रीनाच्या पिशवीत जन्माचा दाखला, लसीचं कार्ड, लाइटबिल नि पोरीचे दोन फोटो. फोटोत दामीच्या गालावर आजीने काजळाचा एवढा थोरला ठिपका लावला होता, की बालवाडीच्या इंदुताईंनी आधी तो नखाने खरवडूनच पाहिला.

"डाग नाई, नजर लागू नये म्हणून आहे," रुखमाबाई म्हणाल्या.

"असू द्या. पण एक ऐकून घ्या, मायबाई," इंदुताई म्हणाल्या. "फुकट आहे म्हणून मन येईल तवा आणलं नि मन येईल तवा नेलं, असं नाई चालत. पोरीले न्यायले कोण येणार, त्याचं नाव इथं लिहून द्या. घरचं माणूस मधात येऊन बसणार नाई. आणि जेवण तिचं तिनं जेवायचं. वीस पोट्ट्यांले मी नि मदतनीस कुठं भरवत बसू? पोरगी हातानं जेवते नं?"

रीनाने मान खाली घातली. रुखमाबाई ठासून म्हणाल्या, "हाव तं! ताट चाटूनपुसून जेवते."

कसलं चाटूनपुसून! दामीने जन्मात कधी आपल्या हाताने भाताचं शीत उचललं नव्हतं. घरात रोजचा सोहळाच असायचा. आजी ताटली घेऊन पुढे, नाहीतर मागे, नाहीतर खाटेखाली वाकलेली. एक घास दामीच्या तोंडात, एक आपल्या. "हा चिऊचा, हा माह्या दामीचा, हा आजीचा." आजीचंही जेवण त्यातच उरकायचं, वेगळं ताट कोण घेतं?

पण खोटं बोलल्याशिवाय इलाजही नव्हता. महिन्याभरापूर्वी दामी अंगणातून सुटून थेट कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर धावली होती. रुखमाबाई ओरडल्या, पण गुडघे काही हलेनात. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला, खाली उतरला आणि पोरीला उचलून आणून दिलं. त्या दिवसापासून दामी दाराकडे वळली तरी म्हातारी आधी कडी लावून घ्यायची. मुलगा सौरव पहाटे बसच्या ड्यूटीवर जायचा. रीनाला इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानात नुकतंच काम लागलं होतं. जागा मिळाली नाही तर रीनाने काम सोडायचं, असं घरात ठरून गेलं होतं. रीनाने कामावर न्यायला नवीन डबा घेतला होता, तो ती रोज पुसून ठेवायची.

नाव लागलं. मग पंधरा दिवस घरात शिकवणी चालली. दामीपुढे ताटली ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघत बसायचं. पोरगी तोंड शिवल्यासारखी बसायची नि आजीकडे बघायची. "आजी, तू भरव नं." रीना डोळे वटारायची, सौरव म्हणायचा, "आई, तूच लाडावून ठेवली तिले." शेवटी रुखमाबाईच हरायच्या. "खाऊ द्या बाप्पा, उपाशी मारता का पोट्टीले!" की झाली सुरू एक घास तुला, एक मला.

बालवाडी उघडली. पहिल्या दिवशी दामी रडलीबिडली नाही, वर टाटा केला. दुपारी एकला घ्यायला गेल्यावर रुखमाबाईंनी तिचा उजवा हात धरून नाकाशी नेला. जेवलेल्या हाताला वास राहतो, कितीही धुवा. हाताला नुसता खडूचा वास होता.

दुसऱ्या दिवशीही खडूच.

"आणखी एक दिवस पाहीन," इंदुताई म्हणाल्या. "पोरगी चार तास उपाशी राहते, मले नाई पाहवत. नसंल जमत तं पुढच्या वर्षी आणा. यादीत आठ पोट्टे वाट पाहून राहिले."

तिसऱ्या दिवशी रुखमाबाई जेवणाच्या वेळेआधीच दारात हजर. "ताई, मी खोटं बोलली तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "तिले नाई येत हातानं. माहीच चूक आहे. तिचं नाव नका काढू. तिच्या मायचं काम जाईल."

इंदुताई हसल्या. "पोट्टं हातानं जेवते, असं सगळ्याच आज्या सांगतात. या इकडं, खिडकीच्या बाजूनं उभ्या राहा. आवाज नका करू."

साडेअकराला घंटा झाली. पोरं ओळीने बसली, दामी अगदी टोकाला. दामीच्या ताटलीत खिचडी आली. आणि रुखमाबाई बघतच राहिल्या. पोरीने पाच बोटं जुळवली, खिचडी ओढली, छान गोल, आजी करते तसाच घास केला. एक शीत सांडलं नाही! तो घास तिने आपल्या बाजूला धरला, जिथं कुणीच बसलं नव्हतं. थोडा वेळ धरून ठेवला. मग परत ताटलीत ठेवून दिला आणि हात मांडीवर घेतले.

इंदुताई तिच्यापाशी जाऊन बसल्या. "अवं, तुले तं मस्त येते! मंग खात काहून नाई?"

"मी खाल्लं तं आजी जेवत नाई," दामी म्हणाली. "आजी फक्त माह्याच संग जेवते. एक घास मले, एक आजीले."

खिडकीशी उभ्या रुखमाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

पोरगी खरं बोलत होती. नवरा चंद्रभान होते तोवर दोघं समोरासमोर ताटं घेऊन बसायचे. ड्यूटीवरून यायला त्यांना कितीही उशीर होवो, रुखमाबाई थांबायच्याच. गेल्या वर्षी ते वारले आणि ताट वाढून घेण्यात मनच राहिलं नाही. "मी मांगून जेवीन," म्हणायच्या आणि मागून भांडी घासायला घ्यायच्या. सौरवच्या लक्षात आलं नाही, रीनाच्या आलं नाही. ह्या एवढ्याशा कार्टीच्या लक्षात आलं होतं, आणि ती वर्षभर मुकाट्याने तोंड उघडून आजीला जेवू घालत होती! घरचे मात्र म्हणत होते, आजी नातीला भरवते.

रुखमाबाईंना राहवलं नाही. नियम गेला खड्ड्यात, त्या आत जाऊन दामीपुढे मटकन बसल्या. "माहे माय! तू जेव. तुही घंटा झाली का मीही घरी ताट घेऊन बसीन. शप्पथ."

"खरं?" दामीने विचारलं. तिला काही भरवसा वाटला नाही.

इंदुताईंनी कपाटातून दामीचा फॉर्म काढला आणि खालच्या मोकळ्या जागेत मोठ्याने वाचत लिहिलं, 'आजी साडेअकराला जेवते.' रुखमाबाईंनी त्याखाली वाकडीतिकडी सही केली. दामीने सही नीट पाहून घेतली आणि मग गार झालेला तो घास तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला रुखमाबाईंनी फळीवरचं आपलं ताट काढलं. धुळीने अगदी राखाडी झालं होतं. घासलं, वरण-भात वाढून घेतला. पहिल्या घासालाच डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं. पण तिकडे घंटा झाली असेल, पोरगी खात असेल. मग दुसरा घास गेला, तिसरा गेला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी भात परत वाढून घेतला.

एक वाजता बालवाडीच्या फाटकात त्यांनी दामीचा हात धरायला आपला हात पुढे केला. दामीने तो दोन्ही हातांनी पकडला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"वरण," ती म्हणाली. "चाल आता घरी."