मोटर काढलेली फळी

"थांब, थांब! हे काय हाय?"

नथ्थू हवालदारानं हात आडवा केला. मदीहानं खटका बंद केला आणि तिची फळी बल्लारपूरच्या मुख्य रस्त्याच्या कडेला थांबली.

फळी म्हणजे चार चाकांचा लाकडी पाट. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले, तेव्हापासून मदीहा घर-अंगणात हातांनी जमीन रेटत त्यावरच फिरे. शिवणाच्या दुकानात मात्र तिला अब्बा सायकलवर न्यायचे आणि भर बाजारात, तिशी ओलांडलेल्या पोरीला, उचलून उतरवायचे. अब्बा म्हणजे जलालुद्दीन, जळालेल्या मोटरी नव्यानं बांधून देणारे कारागीर. यंदा त्यांची कंबर धरली. मग त्यांनी भंगारातली एक मोटर स्वतः बांधली आणि बॅटरीसकट फळीखाली बसवली. आठवडाभर मदीहा एकटी कामाला जात होती. जन्मात पहिल्यांदा एकटी.

"लायसन? नंबर?" हवालदारानं विचारलं.

"नाई."

"मंग ठाण्यात चाल. थांब, उचलून रिक्षात बसवतो."

"हात नका लावू, भाऊ. ठाणं दूर नाई. मी येते आपली."

ठाण्यातल्या साहेबांनी खाली वाकून मोटर पाहिली. निरोप मिळताच अब्बाही धापा टाकत आले.

"चांगली बनवली," साहेब म्हणाले. "पण मोटर लावली का ते वाहन झालं, बाई. वाहनाले नंबर लागते, दिवे लागतात. याले नंबर कोणीच देणार नाई. अन् कोळशाचा ट्रक मागून आला, तर तू त्या डायव्हरले दिसशील तरी का?"

साहेब रागानं बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मदीहाला ते जास्त लागलं.

"साहेब, पोरगी माझी..." अब्बांनी हात जोडले.

"हात काऊन जोडता, अब्बा?" मदीहा एकदम म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "मोटर काढली तर?"

"तर ते वाहन नाई. कडेकडेनं जा. कोणी अडवणार नाई तुले."

"काढा, अब्बा."

अब्बा पाना घेऊन खाली बसले. त्यांचे बोल्ट कधी असे अडत नसत. आज प्रत्येक बोल्ट अडला. शेवटी मोटर सुटली. त्यांनी ती आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून काखेत धरली.

मदीहानं तळहातांना चिंध्या बांधल्या आणि जमिनीला रेटा दिला. बाजाराआधीचा चढ लागला. चार हात पुढे जावं, तर फळी हातभर मागे येई. खांदे भरून आले, ओढणी घामानं चिकटली. मागून ट्रकनं भोंगा वाजवला. तिनं कड सोडली नाही, घाईही केली नाही.

"बेटा, थोडंसं ढकलतो ना मी." अब्बांचा हात तिच्या पाठीपर्यंत आला.

मदीहानं मान वळवून नुसतं पाहिलं. हात मागे गेला. उरलेला चढ अब्बा तिच्या शेजारून, तिच्या चालीनं चालले. ओळखीचा कुणी दिसला, की ते मान ताठ करून म्हणत, "माझी मुलगी. कामावर चालली."

दुकानात रामाजी टेलरनं कापडावरून डोळे वर केले.

"काऊन मदीहाबाई, आज उशीर?"

"हो," ती म्हणाली. "चालत आली."

आणि लाल झालेल्या हातानं तिनं मशीनचं चाक फिरवलं.