स्नुषा, सुण्हा, सून

"मामा, पाहुणे यायची वेळ झाली आणि तुम्ही अजून बनियनवरच?" संध्येने सदरा पुढे केला, तरी सासऱ्यांचे डोळे मिटलेलेच. ओठ मात्र हलत होते.

निवृत्त झाल्यापासून खंडेराव मास्तरांना एकच वेड लागले होते. नाशिकच्या रणरणत्या दुपारी आरामखुर्चीत पडून ते शब्दांची वंशावळ मागे मागे न्यायचे. सध्या 'सून' मुक्कामाला होती. मराठी सून, तिच्यामागे प्राकृतातली सुण्हा, त्यामागे संस्कृतातली स्नुषा. लॅटिनमध्ये तिची बहीण नुरुस, रशियात स्नोखा. या सगळ्यांची आई कुठेच लिहिलेली नाही. लेकींच्या तोंडवळ्यावरून तिचा चेहरा जुळवायचा. 'स्नुसोस,' ते पुटपुटायचे. डोळा लागता लागता एका ओसाड माळावर कोणी म्हातारा त्याच शब्दाने हाक मारी. धुरापलीकडची बाई वळून बघे, आणि तिचा चेहरा संध्येचा असे.

त्यांचा एकुलता एक मुलगा, संध्येचा नवरा शेखर, शहाण्णव साली जीप उलटून गेला. संध्येला माहेरचे कोणी उरले नव्हते. खंडेरावांनीच हट्टाने स्थळ शोधले, कळवणचा हिरामण, विधुर, स्वभावाने गरीब. हट्ट केला खरा, पण ती गेल्यावर आपण तिचे कोण, हा विचार त्यांची पाठ सोडत नव्हता.

परवा तिनेच विचारले होते, "सून म्हणजे मुलाची बायको. मुलगाच नाही, मग मी कोण?"

संस्कृतात सूनु म्हणजे मुलगा. काही पंडित सून त्याच्याशीच जोडतात, पण खंडेरावांना ते पटत नव्हते. दोन्ही शब्द वेगळ्या घरचे, नुसते सारखे ऐकू येतात, असे त्यांनी तिला सांगितले. सून मुलाच्या आधारावर उभी नाही. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

पाहुणे आले, चहा झाला. हिरामणची आई कुसाबाई मोकळ्या मनाची होती. तिला संध्या पसंत पडली, संध्येनेही मान हलवून होकार दिला. अडचण एकच होती. पाट लावताना, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न लावताना, मुलीच्या बाजूने माहेरचे माणूस उभे राहते. पहिल्या सासऱ्यानेच तिला द्यायची, हे भावकीत बरे दिसणार नव्हते.

"गुर्जी, तुमी तिला लेक म्हना," कुसाबाई हळूच म्हणाली. "चार लोकांत तेवढंच सांगायचं. कोन खोदून इचारतंय?"

किती सोपे होते ते. लेक म्हटले की नाते जन्माचे, कोणाला तोडता यायचे नाही. खंडेरावांना मोह झाला. शब्द अगदी ओठांवर आला.

"लेक म्हटलं, तर शेखर तिचा भाऊ ठरेल," ते म्हणाले. "त्यांचा संसार झाला होता, बाई. थोडा झाला, पण झाला."

संध्येने पदर डोळ्यांना लावला. कुसाबाईने हातातली बशी खाली ठेवली.

"मंग भावकीला काय सांगायचं?"

"माझी सून तुमच्या घरी देतोय, म्हणून सांगेन मी."

"आन आमी तिला काय म्हनायचं?"

"सूनच म्हणा. शब्द तोच आहे. आता तुम्ही वापरा."

कुसाबाईने मान डोलावली. संध्या उठून कप गोळा करू लागली आणि त्यांच्यापाशी येऊन थांबली.

"मामा, कप द्या."

खंडेरावांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्यातला चहा केव्हाच संपला होता.