चेंडू सुटेपर्यंत

बाईंनी झेंडा वर केला आणि मैदानाच्या कडेला बसलेल्या लोकांत हशा पिकला, कारण झेंडा पुन्हा त्यांच्याच पोरावर उठला होता.

"अहो बाई, घरी भांडण झालंय का?" कुणीतरी ओरडलं.

"आज जेवायला तरी वाढा हो त्याला!"

बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. शिट्टी वाजेपर्यंत झेंडा ताठ धरून त्या रेषेवर उभ्या राहिल्या. रेफरी म्हणजे गणिताचे सर. आठवडाभर शाळेत बीजगणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी काळी चड्डी घालून मैदानात धावायचे. त्यांनी शिट्टी वाजवली, गोल रद्द झाला आणि पोरगा जाळ्यातला चेंडू काढून आणता आणता आईपाशी थांबला. समोरचं ताट ओढून घेतल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

"आई, जरासाच पुढे होतो गं."

"मैदानात आई म्हणायचं नाही. आणि जरासा पुढे म्हणजे पुढेच."

पोराला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लावूनच तो जन्माला आला होता, तेही दिवस भरायच्या आधीच. हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत तो एवढासा जीव हातपाय झाडत होता आणि बाई बाहेरून काचेला नाक लावून उभ्या होत्या. हात लावायची परवानगी नव्हती. नुसतं बघत राहायचं, बाकी आपल्या हातात काही नाही, हे त्या तेव्हा पहिल्यांदा शिकल्या. पुढे पोरगा चांगला दणकट झाला, पण घाई काही सुटली नाही. गरम दुधाने तोंड पोळून घ्यायचं, अर्धा प्रश्न वाचून पूर्ण उत्तर लिहायचं, आणि मैदानात चेंडू यायच्या आधीच पळत सुटायचं.

स्ट्रायकरला ही खोड परवडत नाही. आपल्या खेळाडूच्या पायातून चेंडू सुटतो त्या क्षणी, गोलकीपर सोडला तर समोरच्या संघाचा जो शेवटचा गडी असेल, त्याच्या पुढे जायचं नाही. गेलास की ऑफसाइड. मग गोल कितीही देखणा असो, गेला बाराच्या भावात. ते बघायला कडेच्या रेषेवर झेंडा घेतलेला एक पंच असतो. बाई तरुणपणी स्वतः बचावाला खेळलेल्या. गुडघ्याने दगा दिला तेव्हा त्यांनी बूट काढले नाहीत, फक्त झेंडा हातात घेतला. पोरगा त्याच मैदानावर मोठा झाला, आणि पंचांची टंचाई अशी की त्याच्या सामन्यांनाही बाईंनाच उभं राहावं लागे. त्यांचा झेंडा सगळ्यांत जास्त वेळा कुणावर उठतो, हे लहान पोरंही सांगत. याचा बाईंना थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोला.

नोकरी त्यांची वजनकाट्यावर. ट्रक लोखंडी फळीवर चढला की खोलीतल्या यंत्रावर आकडे नाचायला लागत. ते थांबेपर्यंत बाई चिठ्ठी फाडत नसत, मग ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून मेला तरी चालेल. शाळा सुटली की भिंगरी तिथेच स्टुलावर येऊन बसायचा.

"आई, आला की आकडा! लिही ना."

"आलाय, पण बसलाय कुठे? बसू दे."

तो त्याआधीच आकडा ओरडायचा आणि दर वेळी चुकायचा. चुकला की ड्रायव्हरसुद्धा हसायचे.

घरी धुणं धुताना दुसरा धडा. भिंगरीने मोरीच्या दारात पाटावर बसायचं आणि बाईंनी ओल्या मोज्यांचा गोळा करून फेकायचा.

"माझ्या हातातून सुटला की ऊठ. आधी नाही."

बाई हात मागे न्यायच्या आणि हा टुणकन उभा. मग त्या गोळा हातातच ठेवायच्या.

"बस खाली."

"अगं, तू टाकणारच होतीस!"

"टाकणार होते. टाकला नव्हता."

भिंगरीचे बाबा दूर एका बंदरावर क्रेन चालवायचे. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय, मोजे काय म्हणतायत?"

झालं काय, की पोराने थांबणं मनावर घेतलं आणि तो पळायचंच विसरला. चेंडू सुटायचा, हा आपला बघत उभा. चेंडू शेजारून निघून जायचा आणि मग याला जाग यायची. संघाच्या कोचला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांनी डोक्याला हात लावला.

"बाई, काय पाजलंत पोराला? आधी गाडी यायच्या आधी सुटायचा, आता गाडी गेल्यावर स्टेशनात येतोय!"

त्यांनी त्याला बाहेर बसवलं. बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेलं पोर बाईंना रेषेवर धावताना समोर दिसायचं. आपण नको त्यात हात घातला का? होता तसा धांदरट बरा होता का? त्यांना काही कळेना, आणि विचारायचं तरी कुणाला? घरी आल्यावर पोरगाच पाट ओढून मोरीच्या दारात बसायचा आणि म्हणायचा, "टाक."

असा एक पावसाळा गेला. मग एका साध्याशा सामन्यात, जिथे बघायला चार टाळकीसुद्धा नव्हती, वस्तादांनी त्याला शेवटी शेवटी आत सोडलं. शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून तो उभा होता आणि त्याच रेषेत कडेला बाई. मधल्या खेळाडूने पाय मागे घेतला. नेहमीचा भिंगरी इथेच सुटायचा. तो सुटला नाही. चेंडूला पाय लागल्याचा आवाज आला आणि मगच तो गेला, असा गेला की बचावपटू वळेपर्यंत चेंडू जाळ्यात होता. बाईंचा हात मात्र खांद्यापर्यंत वर आला होता. तो त्यांनी तिथेच अडवला आणि झेंड्याच्या टोकाने कपाळावरचा घाम पुसल्यासारखं केलं. मेल्या हाताची सवय, म्हणत त्या स्वतःशीच हसल्या. आनंदाने त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यानंतर पोरगा थांबला नाही. म्हणजे थांबायचा, म्हणूनच थांबला नाही. आठवड्यागणिक गोल पडत गेले. वजनकाट्यावरचा आकडाही तो आता बसल्यावरच सांगू लागला.

अशात मोठ्या क्लबचे एक साहेब निवडीला येणार असं कळलं. एक सामना बघणार आणि एकच मुलगा घेऊन जाणार. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं, तिथेच खेळायचं. पुढच्या वर्षी भिंगरीचं वय नियमात बसत नव्हतं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही, हे घरात कुणी बोललं नाही, पण भिंतींनाही माहीत होतं.

त्या दिवशी बाई प्रेक्षकांत बसायला आल्या होत्या. नवी साडी नेसून, डब्यात फळं कापून. तेवढ्यात गणिताचे सर धावत आले.

"बाई, दुसऱ्या बाजूच्या पंचाचा पाय मुरगळलाय. झेंडा घ्या."

"सर, आज नको. माझा मुलगा खेळतोय."

"कधी खेळत नव्हता? अहो, दुसऱ्या कुणाला उभं केलं तर ते भांडतील. तुमच्यावर कोण बोट ठेवणार?"

समोरच्या संघाचा कोचही मान हलवत म्हणाला, "बाईच हव्यात. त्या काय पोराला सोडतात होय!"

सगळे हसले. बाईंना नाही म्हणता आलं नाही. पदर खोचून त्यांनी कुणाचे तरी बूट पायात घातले.

पहिल्या अर्ध्यात भिंगरी पलीकडच्या गोलवर चढाई करत होता, त्यामुळे बाई जरा निवांत होत्या. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि तो थेट त्यांच्यासमोर आला. दोन्हीकडे गोल नव्हता. टोपीवाले साहेब खुर्ची पुढे ओढून बसले होते. भिंगरीने आईकडे पाहिलं नाही, आईने पोराकडे पाहिलं नाही. तिची नजर बचावपटूच्या टाचेवर होती.

सामना संपत आला तसा मधल्या खेळाडूला चेंडू मिळाला. त्याने मान वर केली, पाय मागे घेतला. बाईंना पोराचा खांदा हललेला दिसला. काचेच्या पेटीपासून ओळखीचा तो खांदा, हलला की पोर सुटलंच. त्यांच्या हाताने त्यांना विचारलंच नाही.

पण पोर सुटलं नव्हतं. खांदा हलवून त्याने बचावपटूला हूल दिली होती. तो टाचेच्या मागे होता, चांगला वीतभर मागे. चेंडू सुटला, मग तो सुटला, गोलकीपरला एका बाजूला झुकू दिलं आणि दुसऱ्या बाजूने चेंडू आत सरकवला. हे सगळं बाईंनी झेंडा वर धरूनच पाहिलं. हा आपलाच हात आहे, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

शिट्टी वाजली. मुलं भिंगरीच्या अंगावर पडायला धावली होती, ती वाटेतच थांबली. गलका उठला. गणिताचे सर धावत बाईंपाशी आले.

"बाई, फार जवळचं होतं. नक्की ना? तुम्ही सांगाल तसं. अजून फिरवता येईल."

बाईंनी तोंड उघडलं. नाही म्हटलं तर खरं होईल. पण आईने वर केलेला झेंडा आईनेच खाली घेतला आणि पोराचा गोल झाला, हे टोपीवाल्या साहेबांच्या डोळ्यांसमोर होईल. समोरचा कोच हात कमरेवर ठेवून बघतच होता. हो म्हटलं तर... एवढा मोठा माणसांचा घोळका, आणि त्यात त्या एकट्या. आयुष्यभर आकडा बसेपर्यंत थांबलेल्या बाईंना त्या घडीला एक शब्द सापडेना.

"सर, मी पुढे होतो."

भिंगरी होता. धापा टाकत, हात वर करून उभा.

"पंचांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पुढेच होतो मी. द्या त्यांना फ्री किक."

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा झेंडा अजून वरच होता. सर वळले आणि खेळ सुरू झाला.

सामना बरोबरीत सुटला. साहेबांनी समोरच्या संघाचा डाव्या बाजूचा मुलगा निवडला. जाता जाता त्यांनी वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. बाई शेजारीच बूट सोडत होत्या.

"तुमचा तो स्ट्रायकर चांगला आहे हो," साहेब म्हणाले. "पाय आहेत, अंगात धग आहे. फक्त घाई करतो. तेवढी घाई नसती तर आज त्यालाच नेला असता."

"लहानपणापासूनचं आहे ते, साहेब," वस्ताद म्हणाले. "आईने जिवाचं रान केलं, पण..."

बाईंच्या हातात बुटाची नाडी तशीच राहिली. उठून सांगावं, ओरडून सांगावं की घाई त्याने केली नाही, मी केली. साहेब गाडीपाशी पोचले, दार लागलं, गाडी निघून गेली. नाडीची गाठ काही सुटत नव्हती.

संध्याकाळी मायलेकरं बसस्टॉपवर उभी होती. भिंगरीने डब्यातली फळं उभ्या उभ्या संपवली होती. वाटेत बाबांचा फोन येऊन गेला; "बरोबरी झाली, बाबा, घरी गेल्यावर सांगतो," म्हणून त्याने ठेवलाही होता. बाईंची साडी पायाशी चिखलाने भरली होती.

"तू मागे होतास," बाई शेवटी म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग असं का बोललास?"

भिंगरीने चेंडू पायाखाली घेतला, पुढेमागे केला. मग त्याने विचारलं, "सर आले तेव्हा तू काय सांगणार होतीस गं?"

वळणावरून बस आली. समोर येऊन उभी राहिली, दार उघडलं. एरवी बस दिसली की हा पुढे जाऊन पायरीवर लटकायचा आणि बाई मागून ओरडत यायच्या. आज त्याने पायही उचलला नाही.

"येताय का? नाहीतर निघू?" ड्रायव्हरने आतून विचारलं.

सरांना काय सांगितलं असतं, हे बाईंना खरंच माहीत नव्हतं.

दार लागलं, बस गेली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. भिंगरीने चेंडू उचलून काखेत धरला आणि आईच्या तोंडाकडे बघत थांबला.